अंजिराचे दोन बहार



फळांच्या हंगामांविषयीं आपण पुणेकर मोठ्या अधिकारवाणीनें बोलतों. आंबा अक्षय्य तृतीयेला, सीताफळ दसरा-दिवाळीला, बोरें आणि ऊंस संक्रांतीला, असा आपला पंचांगासारखा पक्का हिशेब असतो. या हिशेबांत न बसणारें एक फळ आहे, तें म्हणजे अंजीर. मार्गशीर्षाच्या थंडींत तें हातगाडीवर दिसूं लागतें, मध्यें कांहीं दिवस विरळ होतें, आणि होळीच्या सुमारास पुन्हां भरभरून येतें. या दुसऱ्या वेळीं तें अधिक गोडही लागतें. घेणाऱ्याची समजूत अशी होते कीं, दुकानदार दोन वेगळ्या मुलुखांचा माल विकतो आहे. वास्तविक दोन्ही वेळचें अंजीर बहुधा एकाच तालुक्यांतून, एकाच जातीच्या झाडांवरून, कित्येकदां एकाच घरच्या बागेंतून आलेलें असतें. थंडींत आलें तें खट्ट्या बहाराचें, उन्हांत आलें तें मिठ्या बहाराचें.

हे दोन बहार निसर्गानें नेमून दिलेले नाहींत. ते माणसानें धरलेले असतात. "बहार धरणें" हा बागाईतदारांचा शब्द आहे आणि तो अगदीं यथार्थ आहे. ज्या घरची अंजिराची बाग असते त्या घराचें सारें वर्ष या एका क्रियापदाभोंवतीं फिरतें. यंदा कोणता बहार धरावयाचा, आणि धरला तर तो शेवटपर्यंत हातीं राहील कीं नाहीं, हाच बाराही महिने विचार. आजच्या भाषणांत त्या वर्षाचीच हकीकत सांगावयाची आहे.

पुण्याहून हडपसरमार्गें निघून दिवे घाट चढला कीं पुरंदर तालुका लागतो. घाटाच्या वर दिवे गांव, थोडें आंत सोनोरी, पुढें सासवड, आणि त्या बाजूस वनपुरी, सिंगापूर, गुऱ्होळी, वाघापूर अशीं गांवें. कऱ्हा नदी येथूनच जेजुरीकडे जाते. आचार्य अत्र्यांनीं आपल्या आत्मचरित्राच्या नांवांत जिला स्थान दिलें ती हीच. नदी म्हणावयाची, पण वर्षांतले पुष्कळ महिने पात्रांत पाण्यापेक्षां दगडच अधिक. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा प्रदेश; पश्चिमेचे ढग डोंगरावर रिते होऊन मग इकडे येतात. जमीनही कांहीं काळीभोर कसदार नव्हे. तांबूस, मुरमाड, कोठें चुनखडीची. ऊंसवाला या जमिनीकडे पाहून नाक मुरडील, परंतु अंजिराला नेमकी हीच हवी. त्याच्या मुळांशीं पाणी साचून चालत नाहीं, आणि हवेंत कोरडेपणा असल्याशिवाय त्याला गोडी येत नाहीं. पूर्वीं पुण्याचें अंजीर म्हटलें म्हणजे खेड-शिवापूरचें नांव निघे. आतां तो मान पुरंदराकडे गेला आहे, आणि २०१६ सालीं पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालें.

झाडाचा थोडा परिचय करून घेणें जरूर आहे. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हीं एका कुळांतलीं. जें कधीं दृष्टीस पडत नाहीं त्याला आपण उंबराचें फूल म्हणतों. अंजिराच्या फुलाचीही तीच गत आहे. आपण ज्याला अंजिराचें फळ म्हणतों ती मुळांत आंतून पोकळ अशी एक मांसल पिशवी असून शेंकडों बारीक फुलें तिच्या आंतल्या अंगाला असतात. देंठाच्या विरुद्ध टोंकाला एक सूक्ष्म छिद्र असतें, त्याला डोळा म्हणतात. उंबर फोडलें कीं केंबरें उडतात हें आपण लहानपणापासून पाहिलेलें असतें. तीं केंबरें म्हणजे या डोळ्यांतून आंत शिरून परागांची ने-आण करणाऱ्या, गांधीलमाशीच्या जातीच्या अगदीं चिमुकल्या माशा होत. तुर्कस्थानांतल्या स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, भागांतल्या अंजिरांना या माशीवांचून फळ टिकत नाहीं. कॅलिफोर्नियांतल्या बागाईतदारांनीं तीं झाडें हौसेनें नेऊन लावलीं, झाडें जोमानें वाढलीं, पण फळें कोंवळेपणींच गळून जात. अखेर १८९९ सालीं माशीही तेथें नेऊन रुजवली, तेव्हां कोठें फळ हातीं आलें. पुण्याचें अंजीर या बाबतींत अगदीं स्वावलंबी आहे. त्याला माशी लागत नाहीं आणि परागही लागत नाहींत. फुलें आंतल्या आंत तशींच वाढून फळ भरतें. म्हणून त्यांतल्या ज्या बिया दांतांखालीं करकर वाजतात त्या पोकळ असतात. पेरल्या तर उगवावयाच्या नाहींत. नवें झाड करावयाचें तें फांदीला गुटी बांधून किंवा फांदीचा तुकडा लावून.

येथेंच आणखी एका प्रश्नाचा उलगडा होतो. वाण्याकडे दोऱ्यांत ओंवलेलें जें सुकें अंजीर मिळतें तें पुरंदरचें असावें असें कित्येकांना वाटतें. तें बहुतेक अफगाणिस्थानांतून किंवा इराणांतून आलेलें असतें. तिकडच्या जातींत साखर अधिक, साल जाड, आणि उन्हाळा असा कोरडा कीं फळ झाडावरच सुरकुततें. आपलें अंजीर पातळ सालीचें आणि रसाळ, त्यांतला सुमारें चार-पंचमांश भाग नुसतें पाणी. तें वाळवलें तर हातीं गर थोडाच उरतो. तें ताजेंच खावयाचें, आणि ताजें राहतें तें दीड-दोन दिवस. अंजीरवाल्याच्या घराला जी एक कायमची घाई जडलेली असते तिचें मूळ या दीड-दोन दिवसांत आहे.

आतां बहाराकडे वळूं. अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बगलेंत धरतें. म्हणून सारा खेळ झाडाला एकदम सर्वांगानें फुटावयास लावण्याचा. त्याची युक्ति अशी कीं, आधीं झाडाला उपाशी ठेवावयाचें. पाणी तोडतात. कांहीं आठवडे मुळाशीं थेंब पडूं देत नाहींत. यालाच "ताण देणें" म्हणतात. पानें पिवळीं पडून गळतात, झाड उघडें-बोडकें होतें, आणि नवख्याला वाटतें कीं बाग हातची गेली. परंतु वाढ थांबल्यामुळें अन्नाचा सांठा फांद्यांत शिल्लक राहिलेला असतो. मग छाटणी होते, आळ्यांत शेणखत पडतें आणि पहिलें पाणी सोडतात. याचें नांव "ताण तोडणें". थोड्याच दिवसांत फांदीच्या डोळ्याडोळ्यांतून पोपटी कोंब निघतो आणि पुढें पानाच्या बगलेंत मिरीएवढें अंजीर दिसूं लागतें. तेथून तें पिकेपर्यंत साधारण चार महिने, थंडी कडक असली तर थोडे अधिक.

डाळिंब, पेरू, संत्रें यांनाही असाच ताण देऊन बहार धरतात. त्यांच्या बहारांचीं नांवें मात्र काळावरून पडलेलीं आहेत: मृगाच्या पावसावर फुटणारा मृग बहार, हस्ताच्या सुमाराचा हस्त बहार, आंब्याच्या मोहोराबरोबर येणारा आंबे बहार. अंजिराच्या बहारांना नांवें दिलीं तीं जिभेवरून. नक्षत्रांकडे न पाहतां फळ चाखून नांव ठेवणारा तो पहिला माणूस मोठा रोखठोक असला पाहिजे. तरी त्यानें खट्ट्या बहारावर थोडा अन्यायच केला असें मला वाटतें. तें अंजीर कांहीं चिंचेसारखें आंबट नसतें. पावसांत आणि ढगांखालीं वाढल्यामुळें त्यांत पाणी जास्त आणि साखर कमी, एवढेंच. आणि चांगल्या बागेंत तेंही पुष्कळ गोड निघतें.

खट्टा बहार धरणाऱ्या घराचें वर्ष वैशाखांत सुरू होतें. त्या दिवसांत विहिरी तशाही तळाला गेलेल्या असतात, त्यामुळें ताण देण्यासाठीं निराळे श्रम पडत नाहींत. ऊन तें काम फुकट करतें. ज्येष्ठांत छाटणी येते. हें काम घरांतल्या प्रत्येकाला साधत नाहीं. कोणती फांदी किती राखावयाची हें नजरेनें ठरवून कात्री चालवावी लागते, आणि दोन डोळे इकडे-तिकडे झाले तर त्याचा जाब पुढें सहा महिने झाड विचारीत असतें. कित्येक जण निजलेल्या डोळ्याच्या वरच्या बाजूस सालीला तिरपी खांच पाडतात. शेंड्याकडून खालीं येणारा एक रस असतो, तो खालच्या डोळ्यांना फुटूं देत नाहीं. खांचेमुळें तो तेवढ्यापुरता अडतो आणि डोळा जागा होतो. शास्त्र नंतर आलें. खांच आधींपासून होती.

याच सुमारास, ज्येष्ठ वद्यांत, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडास मुक्कामाला येते. रस्त्यानें टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो आणि रस्त्याकडेच्या बागांतून छाटलेल्या फांद्यांचे ढीग पडलेले असतात. घरांतलीं माणसें काम टाकून वारकऱ्यांना पाणी, चहा, भाकरी देण्यास वाटेवर उभीं राहतात. पालखी जेजुरीकडे गेली कीं पुन्हां कात्री, पुन्हां खत, आणि आभाळाकडे पाहणें.

खट्ट्या बहाराचें आकर्षण उघड आहे. फळाच्या वाढीचें पाणी बरेंचसें आभाळ देतें, आणि फळ पिकतें तें दिवाळीच्या पुढें, बाजारांत अंजीर दुर्मिळ असतांना. परंतु तेंच आभाळ तांबेराही देतें. पानाच्या खालच्या बाजूस तांबूस-तपकिरी भुकटीचे ठिपके उठतात, पान करपतें, गळतें, आणि पान गेलें कीं फळाला पोसणारें कोणी राहत नाहीं. मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण हा त्यावरचा जुना उपाय. फ्रान्सांतल्या द्राक्षमळ्यांतून तो १८८५ च्या सुमारास जगापुढें आला आणि अद्याप चालू आहे. सरींच्या मध्यें उघडीप गांठून तें पानांच्या खालून-वरून फवारावें लागतें, आणि लगेच पाऊस आला तर पुन्हां पहिल्यापासून. श्रावणांतल्या ऊन-पावसाच्या खेळाचें कवींना जें कौतुक असतें तें अंजीरवाल्याला नसतें. या तालुक्यांतच जाधववाडीला महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. रोग, छाटणी, खतें यांविषयीं तेथें सल्ला मिळतो. पण उघडीप कोणत्या दिवशीं मिळेल हें कोणतेंच केंद्र सांगूं शकत नाहीं. आणि सर्वांत मोठी धास्ती शेवटीं असते. नोव्हेंबर-डिसेंबरांत, फळ पिकत आलें असतां, एक रात्र अवकाळी पाऊस झाला कीं साल तडकते, डोळ्यांतून पाणी आंत जातें, आणि उजाडतां बागेंत आंबूस वास सुटलेला असतो.

मिठ्या बहाराची धास्ती नेमकी उलट. पावसाळा सरतां सरतां ताण, पुढें दसऱ्याच्या आसपास छाटणी, आणि फळ फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत. आभाळ स्वच्छ, रोगराई कमी, फळ मधासारखें. पण तें पोसण्याचे महिने म्हणजे जानेवारी ते एप्रिल, आणि त्याच महिन्यांत या तालुक्यांतल्या विहिरी रोज थोड्या थोड्या खालीं जातात. फळ भरत असतांना पाणी चुकलें तर तें खुरटतें, गळतें; आणि बरेच दिवस चुकवून एकदम भरपूर दिलें तर तडकतें. थोडें कां होईना, पण नेमानें, शेवटच्या तोडणीपर्यंत पाणी पाहिजे. एके काळीं तें मोटेनें उपसून पाटानें खेळवीत. बैलांच्या दमावर बागेचें क्षेत्र ठरे. आतां विजेचा पंप आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, ज्याला झेपलें त्यानें कागद अंथरून शेततळें केलें आहे. थेंबाथेंबाचा उपयोग होतो हें खरें. परंतु विहिरींत नसलेला थेंब नळींतून येत नाहीं.

म्हणजे निवड अशी आहे: खट्टा धरला तर वरच्या पाण्याचें भय, मिठा धरला तर खालच्या पाण्याचें. ही निवड घरांत कशी होते तें ऐकण्यासारखें असतें. साधारणतः मुलगा पुण्याचे भाव ऐकून आलेला असतो.

"आण्णा, थंडीत माल निघाला तर भाव चांगला गावतोय. तुम्ही म्हणाल तर समदी बाग खट्ट्याला धरू."

म्हातारा सुपारी कातरीत असतो. "आन् दिवाळीमागं पाऊस आला म्हंजी भाव कुणाला सांगशील?"

मुलगा विहिरीची गोष्ट काढतो. गेल्या चैत्रांत पाणी किती पुरुष खालीं गेलें होतें, टँकर किती आणले, याची उजळणी होते. दोघांचेंही खरें असतें, म्हणून वाद मिटत नाहीं. मग आंतून म्हातारी बोलते, "निम्मी ह्याला ठेवा, निम्मी त्याला. येक तरी हाताला लागंल." पुष्कळ घरांत अखेर हाच सल्ला चालतो. अर्थात् निम्मी-निम्मी केली म्हणजे खर्च निम्मा होत नाहीं. छाटणी दोनदां, फवारणी दोनदां, आणि तोडणीचे महिनेही दुप्पट. घराला विश्रांति म्हणून राहत नाहीं.

तोडणी म्हणजे काय हें एकदां प्रत्यक्ष पाहावें. पहाटे, फटफटण्याच्या आधीं, माणसें बागेंत शिरतात, कारण उन्हानें तापलेलें फळ पेटींत टिकत नाहीं. आंबा अढींत पिकतो, केळें घरांत पिकतें; अंजीर झाडावरच पिकावें लागतें. कच्चें तोडलें तर तें कच्चेंच सुकतें. त्यामुळें जें आज पिकलें तें आजच काढावयाचें, आणि हा क्रम रोज किंवा एकाआड एक दिवस असा महिनोन्महिने चालतो. घरांत लग्न असो कीं दुखणें असो, पहाट चुकवतां येत नाहीं. चुकली तर तो दिवस बुलबुल, साळुंक्या आणि रात्रीं वाघळें वसूल करतात. त्यांच्यासाठीं अलीकडे बागांवर जाळीं टाकतात. देंठ मोडतांच पांढरा चीक येतो, तो बोटांना खातो. पानेंही कानशीसारखीं खरखरीत. त्यांचा नुसता स्पर्श झाला तरी हाताला खाज सुटते. बायका लुगड्यावर पुरुषी सदरा चढवून, बोटांना चिंध्या गुंडाळून किंवा हातमोजे घालून काम करतात. तरीही हंगामाच्या अखेरीस बोटांचीं टोंकें फुटलेलीं असतात. पुण्याच्या बशींतल्या अंजिराला हा चीक दिसत नाहीं, कारण तो तोडणाऱ्याच्या हाताला राहिलेला असतो.

पडवींत निवड होते. मोठें, मध्यम, लहान असे ढीग, तडकलेलें बाजूला. तें घरच्या पोरांच्या वांट्याला जातें आणि पोरें पहिल्या आठवड्यानंतर त्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. खोक्यांत माल हलक्या हातानें मांडून टेम्पो घाट उतरतो तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे. पूर्वीं ही वाट मंडईपर्यंत येई. १८८६ सालीं रे मार्केट म्हणून उघडलेली ती आजची महात्मा फुले मंडई. मार्केट यार्डांतून किरकोळ दुकानांत आणि तेथून आपल्या घरीं, म्हणजे फळाच्या दीड-दोन दिवसांपैकीं बराच वेळ येथेंच सरतो. घेतांना रंगापेक्षां मानेकडे पाहावें. देंठाशीं थोडें वाकलेलें, हाताला मऊ पण डोळ्यांतून न पाझरणारें अंजीर नीट पिकलेलें असतें. आंबूस वास आला तर तें किती मोठें असलें तरी घेऊं नये. आणि घरीं आणल्यावर उद्यांच्या पाहुण्यांसाठीं राखून ठेवण्याचा मोह आवरावा.

अंजिराच्या बरोबरीनें पुरंदरच्या घरांत दुसरें झाड असतें तें सीताफळाचें. अंजिराला उन्हाळ्यांत पाणी हवें. सीताफळ त्या दिवसांत पानें टाकून निवांत झोंप घेतें आणि पावसाबरोबर जागें होतें. त्याच्या पानाला शेळीसुद्धां तोंड लावीत नाहीं, मग राखण कसली? नव्या बागेंत झाडें लहान आहेत तोंवर मधल्या पट्ट्यांत पावसाळी वाटाणा करतात, आणि पुरंदरच्या वाटाण्याचें नांव आपल्या मंडईंत अंजिराइतकेंच आहे. एका पिकाचें पाणी चुकलें तर दुसऱ्यानें घर धरावें, अशी ही मांडणी आहे. ती कोणी कागदावर आंखलेली नाहीं. दुष्काळांनीं शिकवलेली आहे.

दुष्काळ ही जुनी गोष्ट नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शासनानें राज्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पुरंदर होता. अशा वर्षीं फळाचा विचार सोडून झाड तेवढें जगवावें लागतें. टँकरचें पाणी विकत घेऊन आळ्यांत ओतावयाचें, तेंही पहिल्यांदा कोणत्या झाडांना आणि कोणत्या झाडांना नाहीं हें ठरवून. आपल्या हातानें लावलेल्या झाडांत अशी निवड करणें ही त्या घराची सर्वांत कठीण छाटणी म्हणावी लागेल.

या पाण्याच्या गोष्टींत आपण पुणेकर निव्वळ गिऱ्हाईक नाहीं. पुरंदर उपसा सिंचन योजनेचें पाणी येतें तें मुळा-मुठेंतून, आणि पुण्याच्या खालीं मुळा-मुठेंत जें वाहतें त्यांत आपल्या न्हाणीघरांचा व मोऱ्यांचा वांटा किती असतो हें सांगावयास नको. आपण वापरून सोडलेलें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें डोंगरावर चढवून या तालुक्यांत नेलें जातें, आणि शेतकरी त्याची पट्टी भरून तें घेतो. तें स्वच्छ करून सोडण्याचें काम शहराचें आहे. पुण्यांत सांडपाणी शुद्धीकरणाचा विषय निघाला कीं आपण नदीकांठच्या दुर्गंधीपुरतें बोलून थांबतों. त्याच पाण्याचें टोंक आपल्या फळांच्या टोपलीपर्यंत येतें, हें लक्षांत ठेवून तो विषय बोलावयास हवा.

दीड-दोन दिवसांच्या अडचणीवरही इलाज शोधणारे निघाले आहेत. पुरंदरांतल्या शेतकऱ्यांनीं स्वतःची उत्पादक कंपनी काढली, ताज्या अंजिराबरोबर त्याचे टिकाऊ पदार्थ करण्यास आरंभ केला, आणि २०२४ सालीं येथल्या अंजिराचा रस बाटल्यांत भरून पोलंडला गेला. जें फळ मुंबईस पोंचेपर्यंत जीव मुठींत धरावा लागे तें अशा रीतीनें बाल्टिक समुद्रापर्यंत जाऊं शकलें. खट्ट्या बहारांतल्या तडकलेल्या, आकारानें लहान फळांनाही यामुळें कांहीं भाव येईल अशी आशा आहे. मला या वार्तेंत निर्यातीपेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण अवकाळी पावसाच्या दुसऱ्या दिवशीं टाकून द्यावयाच्या मालाला गिऱ्हाईक मिळणें म्हणजे बहार धरतांना भय थोडें कमी होणें.

मात्र एक भय असें आहे कीं त्यावर ताण, छाटणी, फवारणी कशाचाच उपाय चालत नाहीं. २०१६ सालीं पुण्याच्या नव्या विमानतळासाठीं पुरंदर तालुक्यांतल्या सात गांवांची जागा पुढें आली: पारगांव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, उदाचीवाडी, कुंभारवळण आणि वनपुरी. यांतलें खानवडी हें जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचें गांव. गांवकऱ्यांनीं विरोध केला, मध्यंतरीं जागा बदलण्याचीही बोलणीं झालीं, आणि २०२५ सालीं भूसंपादनाचें काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें. दीड दिवसांत गिऱ्हाइकापर्यंत पोंचावयाच्या फळाला विमान सोईचें खरें. पण विमानतळ बागेच्याच जागीं आला तर पाठवावयाचें काय, असा प्रश्न कोणीही विचारील. शहराला विमानतळ नको असें माझें म्हणणें नाहीं. मीं येथें फक्त बागेचा काळ सांगतों. आज बांधलेली गुटी पुढल्या पावसाळ्यांत जमिनींत जाते, चांगलें पीक द्यावयास तिला तीन-चार वर्षें लागतात, आणि नंतर नीट राखली तर ती दहा-पंधरा वर्षें घर चालवते. २०१६ सालीं त्या सात गांवांत जीं झाडें ऐन भरांत होतीं तीं आतां उतरणीला लागलीं असतील. त्यांच्या जागीं नवीं लावावयाचीं कीं नाहींत, हें ठरविण्यांतच मधला काळ गेला. जमीन घेतांना प्रत्येक झाडाचें वय आणि उत्पन्न पाहून मोल ठरवतात. न लावलेल्या झाडाचें मोल त्या कागदांत येत नाहीं. बाकीच्या गांवांत ज्येष्ठ आला कीं खट्टा कीं मिठा हा वाद होतो. या सात गांवांतल्या म्हाताऱ्यांपुढें त्याच दिवसांत निराळाच प्रश्न असतो: यंदा गुटी बांधूं कीं राहूं देऊं?